चांगी ते जेएफके: अंतर, वेळ आणि बाबांची वही

24 जानेवारी, रात्र

उद्या दुपारी साडेबाराचं विमान. सिंगापूरच्या चांगी विमानतळावरून न्यूयॉर्कच्या जॉन एफ. केनेडी विमानतळावर, मध्ये कुठेही न उतरता. तिकिटावर प्रवासाचा वेळ लिहिलाय 18 तास 20 मिनिटं. बाबा संध्याकाळपासून त्या एका ओळीत अडकले आहेत.

बाबांची सगळी नोकरी रेल्वेत गार्ड म्हणून गेली. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण अंतर आणि वेळ यांच्याकडे बघण्याची नजर गेलेली नाही. कुणी कुठून आलं म्हटलं की त्यांचा पहिला प्रश्न "किती किलोमीटर?" आणि दुसरा "किती वाजता सुटली होती?" दादाकडे न्यूयॉर्कला जायचं ठरलं तेव्हाही त्यांनी हेच विचारलं होतं. त्यासाठी आणलेली नवी कोरी वही त्यांच्या हातातल्या पिशवीत सगळ्यात वर आहे.

"साधारण 15,350 किलोमीटर," मी सांगितलं.

"मोजलं कुणी? रूळ नाहीत, दगड नाहीत."

प्रश्न रास्त होता. मग आम्ही दोघांनी खोलीतल्या टेबलावर बसून ते अंतर स्वतःच काढलं. हा हिशेब कुणालाही जमेल इतका सोपा आहे, आणि तो या दोन विमानतळांच्या बाबतीतच इतका सोपा आहे.

चांगी विषुववृत्ताच्या उत्तरेला जेमतेम 1.4 अंशांवर, रेखांश 104 पूर्व. जेएफके 40.6 अंश उत्तरेला, रेखांश 74 पश्चिम. 104 आणि 74 मिळवले की 178 होतात. 180 झाले असते तर ही दोन ठिकाणं बरोबर समोरासमोरच्या रेखावृत्तांवर आली असती. म्हणजे चांगीहून सरळ उत्तरेला निघायचं, उत्तर ध्रुवाशी पोचायचं, दिशा न बदलता पलीकडे उतरायला लागायचं, की समोर न्यूयॉर्क. पृथ्वीच्या गोळ्यावर दोन ठिकाणांमधली सगळ्यात जवळची वाट बृहद्वृत्तावरून, म्हणजे गोळ्याचे बरोबर दोन सारखे भाग करणाऱ्या वर्तुळावरून जाते. या दोघांचं बृहद्वृत्त ध्रुवापासून तीनशे किलोमीटरच्या आतून जातं, म्हणून ध्रुवावरूनच धरलं तरी हिशेबात फारसा फरक पडत नाही.

आता किलोमीटर. अठराव्या शतकाच्या शेवटी फ्रान्समध्ये मीटर ठरला तो पृथ्वीवरूनच: ध्रुवापासून विषुववृत्तापर्यंतच्या अंतराचा एक कोटीवा भाग. म्हणून ध्रुव ते विषुववृत्त 10,000 किलोमीटर, आणि एक अंश म्हणजे सुमारे 111 किलोमीटर. चांगी विषुववृत्तापासून दीडशे किलोमीटर वर आहे, तेव्हा चांगी ते ध्रुव 9,850. ध्रुव ते न्यूयॉर्क 49.4 अंश, म्हणजे 5,500 च्या थोडं खाली. बेरीज सुमारे 15,350.

बाबांनी बेरीज दोनदा तपासली. मग म्हणाले, "म्हणजे हे अंतर पृथ्वीच्याच मापात आहे. दगड नसले तरी चालेल."

पृथ्वीवर कुठल्याही दोन जागा एकमेकींपासून जास्तीत जास्त 20,000 किलोमीटर दूर असू शकतात. उद्याचं अंतर त्याच्या तीन चतुर्थांशाहून जास्त आहे. मोठी प्रवासी विमानं उंचावर ताशी 900 किलोमीटरच्या आसपास जातात. 15,350 ला 900 ने भागलं की 17 तास. मग तिकिटावरचा वरचा एक तास वीस मिनिटं कसला? हे मात्र मला सांगावं लागलं नाही. "मेकअप टाइम," बाबा म्हणाले. "उशीर भरून काढायला ठेवलेला जादा वेळ. वेळापत्रकात तो घालावाच लागतो."

25 जानेवारी

विमानाच्या तिकिटावरचा वेळ एका दारापासून दुसऱ्या दारापर्यंतचा असतो. चाकांना लावलेले ठोकळे काढले की घड्याळ सुरू, आणि पलीकडे पुन्हा ठोकळे लागले की बंद. म्हणून त्याला ब्लॉक टाइम म्हणतात. बाबांना हे फार आवडलं, कारण उभ्या डब्यांच्या चाकांना पाचर लावलीय की नाही हे बघण्यात त्यांचं आयुष्य गेलंय. वहीत पहिली नोंद झाली: "12.30. पाचर काढली."

विमान एअरबस ए350-900 यूएलआर. शेवटची तीन अक्षरं अतिलांब पल्ल्यासाठी. नेहमीच्या ए350 पेक्षा यात इंधन जास्त मावतं, 1,65,000 लिटर. लिटरला 0.8 किलो धरले तर भरलेल्या टाक्या 130 टनांच्या घरात जातात, आणि या विमानाचं उड्डाणाच्या वेळचं कमाल वजनच 280 टन आहे. जवळजवळ निम्मं वजन इंधनाचं! म्हणूनच आत फक्त 161 आसनं आहेत; इतक्या लांब जायचं तर माणसं कमीच न्यावी लागतात. हाच पल्ला सिंगापूर एअरलाइन्सने 2004 मध्ये चार इंजिनांच्या ए340-500 वर सुरू केला होता, तेव्हा न्यूयॉर्कशेजारच्या नेवार्क विमानतळापर्यंत. चार इंजिनांना लागणारं इंधन परवडेना म्हणून 2013 मध्ये तो बंद झाला आणि 2018 मध्ये दोन इंजिनांच्या या विमानावर पुन्हा आला. जेएफकेपर्यंतचं थेट विमान नोव्हेंबर 2020 पासूनचं.

12.50 ला चाकं सुटली. विमान धावपट्टीवर बराच वेळ धावत राहिलं. मी खिडकीतून पंखाकडे बघत होते. धावताना पंखाचं टोक हळूहळू वर यायला लागलं. विमान अजून जमिनीवरच होतं, पण पंखांनी भार पेलायला सुरुवात केली होती. मग चाकांचा खडखड आवाज एकाएकी थांबला.

बाबांनी वहीत रकाने आखले होते: वेळ, वेग, उंची, बाहेरचं तापमान, राहिलेलं अंतर. घड्याळ सिंगापूरचंच ठेवायचं, पोचेपर्यंत काटे हलवायचे नाहीत, हा त्यांचा नियम. "गाडी धावत असताना घड्याळाला हात लावायचा नसतो." समोरच्या पडद्यावरच्या नकाशातून ते आकडे उतरवून घ्यायला लागले. दोन वाजून पन्नास मिनिटांची ओळ अशी आहे: 905, 33,000 फूट, उणे 42, 14,750.

त्या शेवटच्या आकड्यापाशी पेन्सिल थांबली. दोन तासांत 1,750 किलोमीटर कापले आणि अजून 14,750 राहिले, म्हणजे एकूण 16,500. काल रात्री आम्ही काढले होते 15,350.

"हा साडेअकराशे किलोमीटरचा वळसा कशासाठी?"

पडद्यावरच्या नकाशात उत्तर दिसत होतं, पण मला ते नीट सांगायला वेळ लागला. सरळ रेघ चांगीहून उत्तरेला चीन, मंगोलिया, सैबेरियावरून ध्रुवाकडे जाते. आम्ही चाललो होतो ईशान्येला, दक्षिण चीन समुद्रावरून जपानच्या बाजूला. कारण तिथे वारा होता.

जमिनीपासून दहा-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे वेगवान वाऱ्याचे पट्टे आहेत, जेट स्ट्रीम. विषुववृत्ताकडची गरम हवा आणि ध्रुवाकडची थंड हवा यांच्या सीमेवर ते तयार होतात. हिवाळ्यात दोन्हीकडच्या तापमानातली तफावत वाढते आणि वारा जोर धरतो. जपानवरचा जेट तर जगातल्या सगळ्यात जोरदार जेटमधला. तो पहिल्यांदा पद्धतशीर मोजला जपानी हवामानशास्त्रज्ञ वासाबुरो ओइशी यांनी, 1920 च्या दशकात, तातेनोच्या वेधशाळेतून फुगे सोडून. जगाने वाचावं म्हणून 1926 मध्ये त्यांनी अहवाल एस्पेरांतो या जगाला समाईक म्हणून बनवलेल्या कृत्रिम भाषेत काढला. जगाने तो वाचलाच नाही. 1944 मध्ये अमेरिकेची बी-29 बॉम्बफेकी विमानं जपानवर आली तेव्हा त्या वाऱ्यात त्यांचे वेग आणि नेम दोन्ही कोलमडले. वीस वर्षांपूर्वी एका माणसाने नीट मोजून ठेवलेली गोष्ट, बरीचशी भाषेमुळे कुणाच्या हाती लागली नाही. मला ओइशींबद्दल वाचताना दर वेळी वाईट वाटतं.

पाचच्या सुमारास ओकिनावाच्या बाजूला सूर्य मावळला. बाबांनी समासात एक छोटा भरीव गोल काढला. मी विचारलं तर म्हणाले, "दिवेलागण. टेललॅम्प लावायची वेळ." नोकरीत रोज संध्याकाळी शेवटच्या डब्यामागचा लाल दिवा लागलाय की नाही हे बघून त्याची वेळ लिहायची, ती सवय. इथे दिवा लावायचा नव्हता, नोंद मात्र झाली.

साडेसहाची ओळ: 1,130, 35,000 फूट, उणे 52, 11,200. टोकियोच्या पूर्वेला होतो आम्ही. विमानाचा हवेतला वेग 900 च्या आसपासच होता, इंजिनाने काही जास्त जोर लावलेला नव्हता. वरचे सव्वादोनशे वाऱ्याचे. आत बसून काहीही जाणवत नव्हतं. बाबांनी तळहात खिडकीखालच्या भिंतीवर टेकवला, डब्याची थरथर अजमावतात तसा, आणि मान हलवली.

मग त्यांनीच मला समजावलं. "हे बघ, गाडी साठने धावतेय आणि मी आतून इंजिनाच्या दिशेने चालतोय. माझ्या पायांना विचारलं तर मी शंभर पावलं चाललो. बाहेरच्या दगडांना विचारलं तर मी एक किलोमीटर पुढे गेलो. विमान चालतंय हवेच्या डब्यातून. डबाच पुढे पळतोय."

यापेक्षा चांगलं मला सांगता आलं नसतं. वैमानिक आणि मार्ग आखणारे याच दोन अंतरांत विचार करतात: जमिनीवरचं आणि हवेतलं. इंधन जळतं ते हवेतल्या अंतराप्रमाणे. जमिनीवर वाट लांब पडली तरी चालेल, हवेतली तोकडी व्हायला हवी. म्हणून या दोन विमानतळांमध्ये कायमचा रस्ता असा नाहीच. त्या दिवशीचे वारे बघून तो रोज नव्याने आखला जातो. आज आम्ही गेलो त्या वाटेने उद्याचं विमान जाईलच असं नाही.

नऊ वाजून चाळीस मिनिटांनी 180 अंशांचं रेखावृत्त ओलांडलं. त्याच्या अलीकडे स्थानिक वेळेनुसार 26 तारीख लागून दीड-दोन तास झाले होते. पलीकडे पुन्हा 25. बाहेर काळाकुट्ट अंधार, खाली उत्तर पॅसिफिक. खिडकीच्या दोन काचांमध्ये बर्फाची बारीक नक्षी धरली होती, मधोमध चांदणी आणि तिला फुटलेल्या फांद्या.

अशा ठिकाणी दोन इंजिनांच्या विमानाला एक नियम असतो: एक इंजिन बंद पडलं तर दुसऱ्यावर ठरलेल्या वेळात पोचता येईल असा एक विमानतळ सतत टप्प्यात हवा. ए350-900 ला ही मुदत 370 मिनिटांपर्यंत मान्य आहे. या भागात त्यासाठी नाव येतं अलास्कातल्या कोल्ड बेचं. वस्ती अगदी लहान, पण दुसऱ्या महायुद्धात बांधलेला विमानतळ आणि तीन किलोमीटरहून लांब धावपट्टी. बाबांना माळावरची एखादी लूप लाइन आठवली, जिथे वर्षातून एकदा गाडी बाजूला घेतात पण सिग्नल रोज तेल घालून तयार ठेवावा लागतो. त्यांनी नाव वहीत लिहून घेतलं आणि आडवे झाले. मी जागी राहून ओळी भरल्या. उंची 37,000 झाली, मग 39,000. इंधन जळून विमान हलकं होत जातं तसं ते पायरी पायरीने वर चढतं. निघतानाच्या वजनाने इतक्या वर जाता आलं नसतं.

सिंगापूरच्या घड्याळात रात्रीचा एक वाजला तेव्हा कॅनडाच्या किनाऱ्यापाशी पुढे तांबूस पट्टा दिसला. रात्र आठ तासांची झाली. दिवस त्याहूनही लहान निघाला. रॉकी पर्वतांवरचं बर्फ, मग तासन्‌तास पांढरी सपाट जमीन आणि तिच्यावर आखलेले सरळ रस्ते, मग पंचमहासरोवरांचा परिसर. वेग 880 वर उतरला होता, वाऱ्याने साथ सोडली होती. शेवटचे तीन-चार तास सगळ्यात लांब वाटले. पाय सुजले होते. बाबा दर तासाला उठून मागच्या टोकापर्यंत चालून येत होते, आणि प्रत्येक फेरी दिशेसकट सांगत होते: "आता मी न्यूयॉर्कपासून लांब चाललोय, पण तरी जवळ येतोय."

जेएफकेच्या धावपट्टीला चाकं लागली तेव्हा स्थानिक वेळ 5.05, तारीख तीच 25, आणि सूर्य नुकता टेकला होता. उगवल्यापासून पाच तासांत मावळला. समासात दुसरा गोल.

5.20 ला ठोकळे लागले. तीस मिनिटं आधी. हवेत 17 तास 15 मिनिटं.

26 ते 31 जानेवारी

न्यूयॉर्कबद्दल लिहिण्याजोगं इथे फार नाही. दोन ठिकाणच्या घड्याळांत हिवाळ्यात 13 तासांचा फरक, म्हणजे शरीराच्या दृष्टीने रात्र आणि दिवस यांची सरळ अदलाबदल. शरीर दिवसाला साधारण एक तास या हिशेबाने जुळतं म्हणतात. बाबांचं आठवडाभरात अर्धंच जुळलं. पहाटे तीनला ते उठून बसलेले असत आणि वहीत त्या त्या दिवसाची दिवेलागण लिहिलेली असे.

दादाच्या मुलाकडे टेबलावरचा पृथ्वीचा गोल आहे. तिसऱ्या दिवशी आम्ही त्याच्यावर दोरा लावला. भाच्याने एक टोक सिंगापूरवर बोटाने दाबून धरलं, मी दुसरं न्यूयॉर्कवर ताणलं. दोरा आपोआप सरकत ध्रुवाजवळ गेला, आणि गोलाला वरून जिथे कणा बसवलाय त्या खिळ्याला जवळजवळ अडकून बसला. हे बघण्यासारखं आहे. भिंतीवरच्या सपाट नकाशात ही वाट दिसूच शकत नाही, कारण मर्काटरच्या 1569 च्या नकाशापासून चालत आलेल्या त्या पद्धतीत ध्रुव कागदावर मावतच नाही, आणि उत्तरेकडची जमीन ताणून भलतीच मोठी होते. विमानाच्या पडद्यावर आमचा मार्ग मोठ्या कमानीसारखा दिसत होता. गोलावर तोच मार्ग दोऱ्याने धरला तर बराच सरळ होता.

"मग कधी कुणी ध्रुवावरून जातच नाही का?" भाच्याने विचारलं.

जातात. फेब्रुवारी 2022 मध्ये रशियाने युरोपीय देशांच्या विमान कंपन्यांना आपलं आकाश बंद केलं, तेव्हापासून हेलसिंकी ते टोकियो हा साडेनऊ तासांचा प्रवास तेरा तासांवर गेला, आणि त्यातली बरीच विमानं उत्तर ध्रुवावरून गेली. दोन्ही शहरं होती तिथेच आहेत, त्यांच्यातलं अंतर एका मीटरनेही बदललेलं नाही. वेळ मात्र साडेतीन तासांनी वाढला. ध्रुवाकडे जाताना थंडीचाही विचार करावा लागतो: नेहमीचं जेट ए-1 इंधन उणे 47 अंशांना गोठायला लागतं, अमेरिकेत भरतात ते जेट ए उणे 40 ला. टाकीतलं तापमान त्याच्या जवळ आलं तर वैमानिक खाली उतरून जरा उबदार हवा शोधतात किंवा वेग वाढवतात.

त्या संध्याकाळी बाबांनी येतानाच्या प्रवासाचा ताळा केला. 17 तास 15 मिनिटं गुणिले 905, म्हणजे 15,600. विमान हवेतून चाललं 15,600 किलोमीटर, जमिनीवर कापले 16,500. मधले 900 वाऱ्याने दिले. चढताना-उतरताना वेग कमी असतो, तेव्हा आकडा ढोबळच. पण एक गोष्ट त्यातून उघड झाली, आणि ती बाबांनीच बोलून दाखवली: आमची वळशाची वाट हवेच्या मापात त्या दोऱ्याच्या सरळ वाटेपेक्षा फक्त अडीचशे किलोमीटर लांब पडली होती.

1 आणि 2 फेब्रुवारी

परतीचं विमान रात्री साडेदहाला. तिकिटावर 18 तास 40 मिनिटं, येतानापेक्षा वीस मिनिटं जास्त. बाबांनी गृहीत धरलं होतं की आलो त्याच वाटेने उलटं जायचं, आणि वारा आता समोरून येणार. त्यांनी हिशेबही मांडून ठेवला होता: 16,500 अधिक वाऱ्याचे 900, भागिले 905, म्हणजे हवेतच 19 तासांच्या वर. मग तिकिटावर 18.40 कसे?

धावपट्टीसाठी रांगेत उभं राहून 10.55 ला उडालो. पडद्यावरचं छोटं विमान वळलं आणि तोंड करून बसलं पूर्वेकडे. अटलांटिककडे.

बाबा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग हळूच म्हणाले, "परत पण पूर्वेलाच?"

हो. दोन्ही विमानतळ जवळजवळ समोरासमोरच्या रेखांशांवर असल्याचा हा दुसरा फायदा. पूर्वेने गेलं काय आणि पश्चिमेने गेलं काय, लांबी फारशी बदलत नाही. मग वारा पाठीशी घेऊनच का जाऊ नये? न्यूयॉर्कहून अटलांटिकवर आलं की तिकडचा जेट मिळतो. रात्री अमेरिकेहून युरोपकडे जाणाऱ्या विमानांसाठी समुद्रावर रोज समांतर मार्ग आखून दिले जातात. ते काम न्यूफाउंडलंडमधल्या गँडरच्या नियंत्रण केंद्राचं, आणि ते त्या रात्रीचे वारे बघूनच होतं. फेब्रुवारी 2020 मध्ये याच वाऱ्यावर ब्रिटिश एअरवेजचं एक बोइंग 747 न्यूयॉर्कहून लंडनला 4 तास 56 मिनिटांत पोचलं होतं. जमिनीच्या मापात त्याचा वेग ताशी 1,300 किलोमीटरच्या वर गेला होता.

आमचा 1,090 पर्यंत गेला. आयर्लंडच्या अलीकडे सूर्य उगवला, निघून पाच तासही झाले नव्हते. मग ढगांखालचा युरोप, काळा समुद्र, आणि कॅस्पियनच्या सुमारास सूर्य गेलासुद्धा. समासात गोल. तिथून पुढे वारा मंदावत गेला. मध्य आशियावरून भारतीय उपखंडावर आलो तेव्हा खाली दिव्यांचे पुंजके अखंड चालू झाले, आणि बंगालच्या उपसागरावर एकदम संपले. 2 तारीख आम्ही पूर्णपणे हवेत काढली. त्या तारखेला जमिनीवर पाय ठेवलाच नाही.

3 फेब्रुवारी, पहाट

5.50 ला चांगीला उतरलो, अंधारात. सहाला ठोकळे लागले. हवेत 17 तास 55 मिनिटं, जमिनीवर 16,700 किलोमीटर. बाबांनी घड्याळ बघितलं. न्यूयॉर्कला पोचल्यावर त्यांनी ते 13 तास मागे घेतलं होतं, आता 13 तास पुढे केलं.

सामान येईपर्यंत ते पट्ट्याशेजारच्या बाकावर वही मांडीवर घेऊन बसले. जाताना 16,500, येताना 16,700, एकूण 33,200. त्याखाली समासातले गोल मोजले. एकदा मोजले, मग बोट ठेवून पुन्हा मोजले.

"दहा आहेत," म्हणाले. "बघ जरा."

मी मोजले. ओकिनावाजवळचा एक. जेएफकेला उतरतानाचा एक. मग 26 पासून 1 तारखेपर्यंतचे सात. कॅस्पियनवरचा एक. दहा.

"आणि तारखा? 25 ते 2."

तारखा होत होत्या नऊ. चांगीतून जो हललाच नाही त्याने या मधल्या काळात नऊ वेळा सूर्य मावळताना पाहिला असणार. आम्ही दहा वेळा पाहिला होता, आणि दहाही बाबांच्या अक्षरात वेळेसकट लिहिलेले होते.

कारण माझ्या लक्षात आलं तेव्हा मी बाकावरून उठलेच. पूर्वेला गेलो, पूर्वेलाच परत आलो. पृथ्वीला एक पूर्ण फेरी घातली होती आम्ही, तिच्या फिरण्याच्या दिशेने. तिच्या नऊ फेऱ्यांत आमची एक मिळवली गेली. 1522 मध्ये मॅगेलनच्या ताफ्यातलं उरलेलं जहाज जगप्रदक्षिणा करून केप व्हर्द बेटांना लागलं, तेव्हा त्यावरच्या पिगाफेत्ता नावाच्या प्रवाशाच्या रोजनिशीत बुधवार होता आणि बेटावर गुरुवार. तो पश्चिमेने गेला होता, म्हणून त्याचा एक दिवस कमी पडला. रोजनिशी त्याने एक दिवसही चुकवली नव्हती, त्यामुळे आधी त्याला ते पटेचना. बाबांनाही पटेना. त्यांनी माझ्याकडून तिसऱ्यांदा सगळं तोंडी सांगून घेतलं, तारखांसमोर एकेक गोल जोडत गेले, आणि 25 जानेवारीसमोर दोन गोल आले तेव्हा पेन्सिल खाली ठेवली.

सामान आलं. बाहेर पडलो तेव्हा सव्वासात वाजत होते आणि काचांच्या पलीकडे उजाडत होतं. बाबांनी पिशवी खाली ठेवली, वही पुन्हा काढली आणि उभ्या उभ्या शेवटच्या ओळीत लिहिलं: "सूर्योदय 7.15, चांगी. गाडी पूर्ण फेरी करून जागेवर."